घागरीचे ठोके

माझी बायको चांगुणा गेली त्या दिवशी मी कारखान्यात होतो. मी तेव्हा बॉयलरच्या नळ्या ठोकून बघत होतो. सत्त्याऐंशीचा मे महिना. ऊसच नव्हता म्हणून साखर कारखान्याचं गाळप लवकर आटोपलं होतं आणि आम्हा फिटर लोकांना दुरुस्तीवर लावलं होतं. नळी चांगली की खराब हे हातोडीनं कळतं. लहान हातोडी सैल धरायची आणि मारल्याबरोबर सोडून द्यायची, म्हणजे ती आपली आपण उसळते. चांगली नळी वाजते. आत क्षारांचा खर धरलेली नळी बद्द बोलते. चिरलेली असली तर आवाजाच्या शेवटी थोडी खरखर राहते. शेकड्यातली एक चिरलेली नळी पिराजी डोळे मिटून काढून देतो, असं आमचे साहेब आलेल्या लोकांना सांगायचे. गुंडाप्पा माझा जोडीदार. तो बॉयलरच्या तोंडाशी वाकला आणि म्हणाला, "पिराजी, भाईर ये." मी म्हणालो, "एवढी ओळ संपवतो." तो तिथंच उभा राहिला. मी अजून चार नळ्या ठोकल्या. चारी चांगल्या निघाल्या. बाहेर आल्यावर त्यानं माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि म्हणाला, "बाई आडात पडली रं." मी विचारलं, "किती लागलंय?" तो म्हणाला, "चल, माझ्या गाडीवर बस." किती लागलंय याचं उत्तर त्यानं गाव येईपर्यंत दिलं नाही. मी पण परत विचारलं नाही. आमचं गाव अणदूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून. वाटेत पाण्याचा रिकामा टँकर समोरून आला. रोज हात करणारा ड्रायव्हर, त्यानं आमच्याकडं बघितलं नाही. तेव्हा मला कळलं.

टँकर आडात पाणी ओतायचा आणि बाया काठावरून घागरी सोडून ते ओढायच्या. ओतलेलं पाणी तळाच्या भेगांत जायच्या आत ओढायचं, म्हणून घाई. चांगुणा ज्या दगडावर पाय रोवून ओढत होती तो दगड निसटला. कुणी ढकललं नाही, कुणाचं भांडण नव्हतं. शेजारी बनाबाई होती, तिनं पदर धरला, पदर हातात राहिला. मी पोचलो तेव्हा तिला घरात आणलं होतं आणि भिंतीशी तिची पितळी घागरही आणून ठेवली होती. घागरीच्या पोटाला मोठा पोचा आला होता. माणसं बसली होती, बाया रडत होत्या, आणि मी घागरीजवळ जाऊन ती बोटानं ठोकून बघितली. बद्द बोलली. काठाशी ठोकली, तिथंही बद्द. हाताची सवय, दुसरं काही नाही. पण लोकांनी ते बघितलं. कुणीतरी मला खांद्याला धरून खाली बसवलं. त्या दिवसाचं मला एवढंच नीट आठवतं. तिचा चेहरा नीट आठवत नाही, घागरीचा आवाज आठवतो.

दुसरी गोष्ट मला पंधरा दिवसांनी कळली, आणि ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. तिच्या पुण्यानुमोदनाचा दिवस होता. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली आणि गायन पार्टी तिचं गाणं म्हणायला बसली. चांगुणा आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत गायची. चौदा एप्रिलला, लग्नात, बारशात, जिथं बोलावतील तिथं पार्टी जायची. बाबू पेटी धरायचा आणि पार्टी त्याच्या शब्दावर चालायची. बाकीची गाणी इकडून तिकडून आलेली, पण एक गाणं चांगुणानं स्वतः जुळवलं होतं, टँकरच्या रांगेत उभं राहून. "तळ्याचं पाणी मोकळं झालं, आमच्या आडात येणार कधी?" असा त्याचा मुखडा. मुखडा म्हणून झाला की ती थांबायची आणि रिकाम्या घागरीवर ठोके द्यायची. घागर कडेवर धरून अंगठ्याच्या हाडानं पोटावर मारायची आणि मधेच पहिल्या बोटाच्या नखानं गळ्याशी टिचकी. पोटाचा आवाज जाड, गळ्याचा बारीक. ठोके झाले की पुढचं कडवं. त्या दिवशी बाबूनं मुखडा म्हटला आणि पेटी थांबवली. बाबू माझ्याकडं वळला. "पिराजी, बाई हितं काय वाजवायच्या?" मी म्हणालो, "धम् धम् टक..." आणि पुढं मला येईना. मला वाटलं दुःखानं येत नाही, जरा वेळानं येईल. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. मग कळलं की मला ते माहीतच नाही. तीन वर्षं, म्हणजे पाणी तुटलं तेव्हापासून, ती रोज माझ्या घरात ते वाजवत होती. मी शेकड्यातली चिरलेली नळी काढून देणारा माणूस, आणि माझ्या बायकोचे ठोके किती होते ते मला सांगता येत नव्हतं.

माहीत नव्हतं याला कारण आहे. मी ते ऐकत नव्हतो. ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं. माझा आजा डफडं वाजवायचा. गावच्या जत्रेत, पोळ्याला, कुणाच्या वरातीपुढं, बोलावलं की जायचं आणि वाजवायचं, आणि वाजवून झालं की लांब उभं राहून शिळं-पाकं पदरात घ्यायचं. छप्पन्न साली वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा माझ्या बापानं ते डफडं चुलीत घातलं. मी सहा वर्षांचा होतो. कातडं जळताना फार घाण वास आला. त्यानंतर एकदा मी ताटावर बोटांनी वाजवत बसलो होतो तर बापानं माझ्या बोटांवर पळी मारली. म्हणाला, "या घरात आता कुणी बडवणार न्हाय. शिकायचं, नोकरी करायची. हात बडवायला न्हायती." माझा बाप वाईट माणूस नव्हता. त्यानं मला शिकवलं, मी फिटर झालो ते त्याच्यामुळं. त्याचं म्हणणं मी धरून ठेवलं. चांगुणानं गायलेलं मला आवडायचं, मी पुढं बसून ऐकायचो. पण ती घागर घेतली की माझं डोकं फिरायचं. ती म्हणायची, "पार्टीत ढोलकी वाजती ती चालती तुमाला. माझी घागर का चालत न्हाय?" मी म्हणायचो, "ढोलकी हे वाद्य हाय. बाई घागर बडवत उभी ऱ्हायली की लोक म्हणतील, ह्येंचं परत सुरू झालं." ती हसायची. "लोकांच्याबी घागरी रिकाम्याच हायत की. त्येनाबी शिकवते, चला."

जानेवारीत पार्टीनं सोलापूरला जाऊन कॅसेट केली. तिनं घागर जुन्या लुगड्यात गुंडाळून घेतली होती. एसटी स्टँडवर मी ते गाठोडं बघितलं आणि म्हणालो, "ती घागर घरी जाईल, न्हायतर तू घरी जाशील." बाबू आणि बाकीचे तिकडं तोंड करून उभे राहिले. ती माझ्याकडं बघत राहिली, मग गाठोडं माझ्या हातात दिलं. एसटी गेली आणि मी घागर घेऊन घरी आलो. कॅसेटमध्ये घागरीच्या जागी मच्छिंद्रनं बेस गिटार वाजवली. मच्छिंद्र चांगुणाचा चुलतभाऊ, मला दाजी म्हणतो. आधी सोलापूरला एका ऑर्केस्ट्रात होता, तिथं काम मिळेना म्हणून गावी आला आणि पार्टीत शिरला. त्याची ती चार जाड तारांची गिटार, गावात सगळे तिला मोठी गिटार म्हणतात. ती अंगठ्यानं मारून वाजवायची एक रीत असते, ती तो गोव्याच्या एका माणसाकडून शिकला होता. कॅसेट माझ्याकडं आहे. चांगुणाचा आवाज चांगला आलाय. मुखडा झाला की मच्छिंद्रचे चार ठोके वाजतात. ते तिचे नाहीत. एवढं मला नक्की कळतं. काय नाही ते मला कळतं, काय आहे ते कळत नाही.

मी मच्छिंद्रकडं गेलो. म्हणालो, "तिनं तुला दाखवलं आसंल की." तो म्हणाला, "ताईनं दाखवलं होतं, दाजी. पण तितं टाइम भरत आला होता, मी माझं माझं वाजवून टाकलं. बहुतेक पाच होते. शेवटचा टिचकीचा." मी बाबूकडं गेलो. बाबू म्हणाला सात. पेटीवर बोटं नाचवून त्यानं सात दाखवले, ते ऐकूनच कळत होतं की हे त्यानं आता जुळवलेत. पोचा आलेली घागर मी समोर घेऊन बसलो. तिच्यावर काहीही वाजवलं तरी सारखंच वाजायचं. तांबटाकडून पोचा काढून घ्यावा असंही मनात आलं, पण ठोकून काढलेलं पितळ पहिल्यासारखं बोलत नाही, हे मला कुणी सांगायला नको. नवी घागर म्हणजे दुसरीच घागर. मग मी मच्छिंद्रला म्हणालो, "मला ती मोठी गिटार शिकव." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी म्हणालो, "सगळी नको. अंगठ्याचं तेवढं शिकव." माझ्या मनात असं होतं की ठोके डोक्यात नाहीत, पण हातात कुठंतरी असतील. ऐकू आलेलं अंगात कुठंतरी मुरतं. हात बरोबर हलायला लागला तर ते आपोआप बाहेर येतील. आता लिहिताना हे वेड्यासारखं वाटतं. तेव्हा माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

पहिली पाळी करून मी तीन वाजता घरी यायचो आणि मच्छिंद्र गिटार घेऊन यायचा. दुपारी लाईट नसायचीच, त्यामुळं आवाज मोठा करायचं मशीन नाही, आणि मशीनशिवाय ती गिटार मेल्यासारखी वाजते. मच्छिंद्रनं युक्ती सांगितली. आमच्या लग्नातली पत्र्याची पेटी होती, चांगुणाच्या साड्या तिच्यात होत्या. गिटारीचं लाकूड त्या पेटीला टेकवून धरलं की पत्रा घुमायचा. साड्या आत असल्यानं कमी घुमायचा. मच्छिंद्र म्हणाला, "कापडं काढली तर अजून वाजंल, दाजी." मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे." त्यानं दाखवलं. मूठ सैल, अंगठा आडवा, अंगठ्याच्या बाजूचं हाड गिटारीच्या मानेच्या टोकाशी जाड तारेवर मारायचं. हात कोपरापासून हलवायचा नाही, मनगट फिरवायचं, ओले हात झटकतो तसं. मग पहिलं बोट बारीक तारेखाली घालून तार ओढायची आणि सोडायची, ती मानेवरच्या लोखंडी पट्ट्यांवर आपटून टक वाजते. डावा हात तारांवर नुसता ठेवायचा, नाहीतर बाकीच्या तारा गुणगुणत राहतात. तो वाजवायचा तेव्हा सोपं दिसायचं. मी मारायचो तर धप् आवाज यायचा, माती पडल्यासारखा. तार वाजायचीच नाही. जोर लावला तर चारी तारा एकदम कण्हायच्या. मच्छिंद्र म्हणायचा, "दाजी, ती काय खिळा हाय का?" आठ दिवसांत अंगठ्याच्या बाजूला फोड आला, फुटला, त्यावर परत मारलं. कारखान्यात पट्टी बांधलेला अंगठा गुंडाप्पानं बघितला. "काय झालं रं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "बायकू मेल्यावर माणसं दारू पितेत, माळ घालतेत. गिटार शिकनारा तूच पैला. सिनेमात जातूस का काय?" मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि लगेच कुणीतरी बघितलं असेल असं वाटलं. गुंडाप्पाशिवाय बघणारं कुणी नव्हतं, नळ्या होत्या.

त्याच दिवशी नळ्या ठोकताना मला कळलं की मी काय चुकतोय. हातोडी मी मारत नव्हतो, टाकत होतो, आणि ती उसळून वर येत होती. नळीवर ती टेकून राहिली तर नळी बोलणारच नाही, हे मला अठरा वर्षं माहीत होतं. अंगठा मात्र मी तारेवर दाबून ठेवत होतो. मारल्यावर सोडत नव्हतो. घरी येऊन अंगठा हातोडीसारखा टाकला आणि तार वाजली. पत्रा घुमला. साड्यांतून तो आवाज जाड होऊन आला आणि मी घाबरलो, कारण तो अगदी घागरीच्या पोटाचा होता. मी परत मारला. परत आला. धम्. धम्. मग बोटानं बारीक तार ओढली. टक. तीन ठोके, तिचेच. अंतरसुद्धा तेच, दुसऱ्या ठोक्यानंतर जरासं जास्त. माझ्या डोळ्यांसमोर रांग आली, घागर कडेवर, तिच्या अंगठ्यातली चांदीची वळी. आणि माझा हात थांबला. चौथ्या ठोक्याला हात वर गेला आणि खाली कसा आणायचा ते त्याला कळेना. मी त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, महिनाभर, तीन ठोक्यांपर्यंत जात राहिलो. जोर वाढवला, कमी केला, डोळे मिटले, तिच्यासारखा उभा राहिलो, कमरेत वाकून. दारावरून जाणारी माणसं थांबून बघायची आणि पुढं जायची. पाऊस आला नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. टँकर येत राहिला. आता पाणी भरायला मी जायचो, प्लास्टिकचे डबे घेऊन. रांगेत बाया मला पुढं सोडायच्या. मी त्यांचे हात बघायचो, त्यांच्यातली एखादी सहज काही वाजवते का म्हणून. कुणी वाजवत नव्हतं.

बनाबाईला मी शेवटी विचारलं. सगळ्यांत आधी तिलाच विचारायला पाहिजे होतं. रांगेत तीन वर्षं ती चांगुणाच्या मागं उभी असायची. पण मला तिच्यासमोर जायची भीती वाटत होती, पदर तिच्या हातात राहिला होता म्हणून. ती दारात तांदळातले खडे वेचत होती, कंट्रोलचे तांदूळ. मी म्हणालो, "मावशी, चांगुणा घागरीवर काय वाजवायची, तुमाला येतं का?" ती म्हणाली, "अरं, तिचं काय येक हुतं का? कवा पाच, कवा नऊ. टँकर दिसला की भराभरा, न्हाय दिसला की दमानं. रोज निराळंच. आमी हसायचो, म्हनायचो आज चांगुणाचं पानी लांब हाय." मी म्हणालो, "आन् गाण्यात?" "गान्यातबी तसंच. मनाला यील तसं." मी तिथं बसलो. म्हणजे ठोक्यांचा ठरलेला एकच ताल नव्हताच. एक असता तर सापडला असता. तरीपण मी विचारलं, कारण शेवटचा तरी एक असणारच, आणि तो एक मिळाला तर मी तोच धरून बसलो असतो. "त्या दिवशी काय वाजवलं हुतं?" बनाबाईचे हात सुपात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "सोड की रं आता." मी म्हणालो, "सांगा, मावशी." ती म्हणाली, "त्या दिवशी न्हाय वाजवलं तिनं. म्या म्हनलं, का गं, आज मुकी का? तर म्हनली, सकाळी ह्येनी दोनदा बोल लावला, घरात बडवू नगंस म्हनून. आता नगंच वाटतंय." मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तसं काय मनात धरू नगंस. बोलतंय मानूस." मी म्हणालो, "व्हय." आणि उठून आलो.

ती सकाळ मला आठवते. मला डबा हवा होता आणि ती चुलीशी बसून भाकरी भाजता भाजता रिकाम्या घागरीवर वाजवत होती. मी कालचा दमलेला होतो. मी म्हणालो, बंद कर. ती थांबली. मी बूट घालताना परत सुरू झालं, अगदी हळू, तिच्या नकळत असेल. मी ओरडलो. माझ्या बापाच्या आवाजात ओरडलो, हे मला ओरडतानाच कळलं होतं. तिनं हात मांडीवर ठेवला. डबा बांधून दिला. मी गेलो. तेव्हा ती जे हळू वाजवत होती ते माझ्या कानांवर पडलं होतं, मी त्यासाठीच ओरडलो ना. म्हणजे ते मी ऐकलंय. ते माझ्यात कुठंतरी असायलाच पाहिजे. रोज तीन वाजता मी पेटीसमोर बसतो आणि त्या सकाळपर्यंत जातो, चुलीपर्यंत, भाकरीच्या वासापर्यंत. धम् धम् टक, आणि पुढं माझाच आवाज येतो. ठोक्यांच्या जागी मला माझं ओरडणं ऐकू येतं, दुसरं काही नाही.

दसऱ्याला अणदूरला पार्टीचा कार्यक्रम होता. मच्छिंद्रला पुण्याच्या ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं होतं, तो दसऱ्यानंतर जाणार होता. बाबू म्हणाला, "बाईंचं गाणं घ्यायचं. बाकी गाण्यांना मच्छिंद्र, ह्या गाण्याला तू बस." मी म्हणालो, "मला तीनच येतात." बाबू म्हणाला, "मग पुढं काय तरी वाजव की. लोकांना काय ठावं?" मच्छिंद्र म्हणाला, "दाजी, माझे चार वाजवा. कॅसेटमुळं लोकांना तेच पाठ हायत." दोघंही चांगल्या मनानं म्हणाले. संध्याकाळी चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. लाईट होती. समाजमंदिरापुढं तीनशे-चारशे माणसं असतील, पुढं बाया, त्यांच्यात बनाबाई. माझा बाप असता तर काय म्हणाला असता असं मनात आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. मी स्टुलावर बसलो, गिटार मांडीवर घेतली, डावा हात तारांवर ठेवला. बाबूनं मुखडा म्हटला. आमच्या आडात येणार कधी. पेटी थांबली, ढोलकी थांबली. मी अंगठा टाकला. मशीनमधून आवाज आला तो पायाखालच्या फळ्यांत गेला. धम्. धम्. टक. तीन. हात वर गेला. मच्छिंद्रचे चार मला येत होते. बाबूचे सातही आले असते. काहीही वाजवलं असतं तरी चाललं असतं, आणि एकदा वाजवलं असतं की तेच चांगुणाचं झालं असतं, कायमचं. मी हात खाली आणला आणि तारांवर ठेवला. बाबू माझ्याकडं बघत होता. ढोलकीवाला बघत होता. कुणीतरी खोकलं. एका लहान पोरीनं आईला काहीतरी विचारलं आणि आईनं तिला गप्प केलं. किती वेळ गेला मला माहीत नाही, मशीन नुसतं गुंगत होतं. मग बाबूनं पुढचं कडवं धरलं. प्रत्येक कडव्यानंतर मी तीन वाजवले आणि थांबलो, आणि प्रत्येक वेळी वाटलं की आता येईल.

कार्यक्रम झाल्यावर लोक भेटले, चांगलं झालं म्हणाले. एक म्हातारा म्हणाला, शेवटी थांबता ते लई बेस, जिवाला लागतंय. त्याला वाटलं ते तसंच बसवलंय. मच्छिंद्र पुण्याला गेला. जाताना त्यानं गिटार माझ्याकडं ठेवली, तिथं त्याला दुसरी मिळणार आहे. बाबू म्हणतो गाणं असंच पक्कं करू, तीन आणि थांबा. मी त्याला नाही म्हणून सांगितलंय. तीन वाजता मी घरी येतो आणि बसतो. अंगठा आता दुखत नाही, तिथलं कातडं जाड झालंय. पहिले तीन ठोके येतात. पुढचे अजून आलेले नाहीत.